ताईचा कॉम्प्युटर: असेंबल करायचा की तयार घ्यायचा? (प्रकल्प नोंदी)

८ नोव्हेंबर २०२५

ताईच्या कॉम्प्युटरचं काहीतरी करायला हवं, हे गेलं वर्षभर आम्हा दोघींनाही कळत होतं. आज नोंदी सुरू करतेय, कारण आता टाळण्यासारखं काही उरलं नाही. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट्स, संपला. तिच्या मशीनमध्ये आय५-६५०० प्रोसेसर आहे, इंटेलची सहावी पिढी. विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, आठवी पिढी तरी लागते. नुसत्या अपडेटने भागणार नाही.

ताई दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. रोज दोन-तीन तास, गेली कित्येक वर्षं. ज्या टेबलावर मायक्रोफोन, त्याच टेबलाखाली कॅबिनेट. तिची तक्रार विंडोजची नाहीच. "वाक्य संपलं की मागे त्याची घरघर ऐकू येते गं. ऐकणाऱ्याला दुसरं काही दिसत नसतं, त्याचं सगळं लक्ष कानातच असतं," असं ती म्हणाली. तेव्हा या प्रकल्पाची पहिली अट शांतता. वेग नंतर.

मी मनातून आधीच असेंबल करण्याकडे, म्हणजे सुटे भाग घेऊन घरीच जोडण्याकडे, झुकलेली आहे. तेही इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना तेवढं वजा करता येईल.

रात्री एक काम केलं: जुन्या मशीनवर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी नोंदणी केली. त्यामुळे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळाली. घाईत चुकीचं काही घेतलं जाणार नाही, हा त्यातला खरा फायदा.

९ नोव्हेंबर

जुनं कॅबिनेट उघडलं. हा मोठ्या कंपनीचा, ऑफिससाठी बनवलेला टॉवर. आत धुळीचा थर होता. प्रोसेसरच्या फॅनच्या पात्यांच्या कडांवर तर ती लोकरीसारखी जमली होती. ब्रशने आणि हवेच्या फुंकणीने साफ केलं. फॅनची पाती बोटाने धरून ठेवली, नाहीतर हवेच्या झोताने फॅन वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंगला मार बसतो.

चार वर्षांपूर्वी याच मशीनचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला होता. मी नेहमीचा चांगला एसएमपीएस घेऊन गेले, जुना काढला आणि तिथेच थांबले. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या मुख्य बोर्डवर, नेहमीचं २४ पिनांचं सॉकेट नव्हतंच. कंपनीचं स्वतःचं, कमी पिनांचं वेगळंच कनेक्टर होतं. एसएमपीएसचा आकारही वेगळा, स्क्रूची भोकं जुळेनात. कंपनीचाच भाग मागवावा लागला, तो यायला तीन आठवडे लागले, आणि ते नेमके परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे होते. मुलांना अर्धं पुस्तक मिळालं. ताई त्याबद्दल मला कधी काही बोलली नाही, पण मी ते विसरलेली नाही.

आत कामाचं काय आहे याची यादी: ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ पिढीच्या रॅम, २१३३ वेगाच्या. जुन्या, साटा जोडणीची एक एसएसडी. एक जुनी २ टीबीची हार्ड डिस्क, तीत सगळा संग्रह. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट मात्र एकमेकांनाच बांधलेले. त्यातलं एकही दुसरीकडे चालणार नाही.

१२ नोव्हेंबर

आज मोजमाप. ताईचा मायक्रोफोन माझ्या बिनफॅनच्या लॅपटॉपला जोडला, गेन (मायक्रोफोनचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) नेहमीच्या खुणेवर ठेवला, खोली बंद केली आणि ३० सेकंदांची शांतता दोनदा रेकॉर्ड केली. कॉम्प्युटर बंद असताना उणे ६८ डेसिबल, चालू असताना उणे ५५. उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितकी शांतता जास्त. साफसफाईच्या आधी किती होतं ते मोजायचं राहून गेलं, याची चुटपुट लागली.

तुलनेसाठी एक ठोस आकडा आहे. ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या एसीएक्स या संकेतस्थळाच्या नियमांत शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली असावी लागते. ताईचं रेकॉर्डिंग तिथे जाणार नाही, पण रेघ चांगली आहे. खोली त्या रेघेच्या खाली आहे. तिला वर ओढतोय तो कॉम्प्युटर.

आवाज कमी करण्याचं सॉफ्टवेअर आहे, ती ते वापरतेही. पण ते घरघरीबरोबर 'स' आणि 'श'ची धारही खाऊन टाकतं. वाचणाऱ्याचा श्वास, शब्दाच्या शेवटी विरत जाणारा स्वर, हे सगळं थोडं प्लास्टिकचं होतं. मूळ जागीच आवाज कमी करणं हाच खरा इलाज.

गरजा लिहून काढल्या. ताईचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, ते रेकॉर्डिंग ३२ बिटमध्ये ठेवतं. ४८ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, म्हणजे तासाला साधारण ६९० एमबी. १ टीबीच्या एसएसडीत १४०० तासांहून जास्त बसतील. ग्राफिक्स कार्डची गरज शून्य, आणि ते नसलं की एक-दोन फॅन आपोआप कमी. सहा कोअरचा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर पुरून उरेल.

१६ नोव्हेंबर

दोन दिवस ब्रँडेड मशीनं पाहण्यात गेले. प्रामाणिकपणे पाहिली. विंडोज आलेलं असतं, सगळ्याची मिळून एक वॉरंटी असते, खोक्यातून काढलं की त्याच दिवशी काम सुरू. रेकॉर्डिंग ज्याचं काम आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

पण माहितीपत्रकं वाचून वैताग आला. प्रोसेसरचं नाव, रॅम किती, एसएसडी किती, एवढं ठळक. एसएमपीएस किती वॅटचा ते कधीतरी. फॅन किती मिलिमीटरचा, मदरबोर्ड कोणत्या मापाचा, एसएमपीएसचं कनेक्टर कोणतं, याबद्दल अवाक्षर नाही. मला ज्या तीन गोष्टी हव्या आहेत, नेमक्या त्याच पत्रकात नसतात. एका विक्रेत्याला लेखी विचारलं: एसएमपीएसला २४ पिनांचं कनेक्टर आहे का, मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स या सर्वमान्य मापाचा आहे का, फॅन बदलता येतो का. उत्तर सभ्य होतं: ही माहिती आमच्याकडे उपलब्ध नाही.

एक युक्ती सापडली, ती तयार घेणाऱ्या कुणाच्याही उपयोगाची आहे. ऑफिससाठीचे टॉवर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या बहुतेक मॉडेलांचं सर्व्हिस मॅन्युअल खुलं ठेवतात. कोणता भाग कसा काढायचा याची चित्रं त्यात असतात. विकत घेण्याआधी ते उतरवून घ्यावं आणि एसएमपीएस व मदरबोर्ड ही दोनच पानं पाहावीत. एसएमपीएसपासून किती पिनांची वायर निघते ते चित्रात दिसतं. मी चार मॅन्युअलं पाहिली, चारही मशीनांत कंपनीचं स्वतःचं कनेक्टर.

हाताएवढे मिनी पीसीही पाहिले. जागेच्या दृष्टीने मोहक, वीज कमी. पण फॅन इवलासा, आणि छोट्या फॅनला तेवढीच हवा हलवायला जोरात फिरावं लागतं. तो सूर उंच असतो, बारीक शिट्टीसारखा, आणि मायक्रोफोनला तोच आधी लागतो. यादीतून काढले.

२० नोव्हेंबर

माझा आराखडा होता एएमडी या प्रोसेसर कंपनीच्या एएम५ सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा. २०२२ मध्ये आलेलं, पुढेही प्रोसेसर मिळत राहणार, हा त्यामागचा विचार. पण एएम५ ला डीडीआर५, म्हणजे पुढच्या पिढीची, रॅमच लागते, आणि तिचे भाव आठवड्या-आठवड्याला चढताहेत. कारण सरळ आहे: एआयच्या डेटा सेंटरना मेमरी प्रचंड लागतेय, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता तिकडे वळवलीय. मी पंधरा दिवसांपूर्वी केलेला हिशोब आज कागदापुरताच उरला.

इथे ब्रँडेडची बाजू वरचढ झाली, हे लिहायलाच हवं. कंपन्यांनी रॅम जुन्या भावाने घेऊन ठेवलेली असते, त्यामुळे तयार मशीनची किंमत इतक्या लवकर हलत नाही. सगळे भाग नवे घ्यायचे असते तर मी आज तयारच घे म्हटलं असतं.

पण ताईकडे १६ जीबी डीडीआर४ आहे. धडधाकट. रॅम ही कंपनीला बांधलेली नसते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, फक्त मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणजे डीडीआर४ चालणारं सॉकेट निवडलं तर रॅमचा खर्चच नाही. ते सॉकेट एएम४. त्यावरचा रायझन ५ ५६००जी: सहा कोअर, आत ग्राफिक्स, ६५ वॅट, विंडोज ११ च्या यादीत आहे.

यात दोन गोष्टी सोडाव्या लागतात. एएम४ चा रस्ता पुढे फारसा जात नाही, आणि ५६००जी मध्ये पीसीआय एक्सप्रेसची (एसएसडीसारख्या भागांशी डेटा नेण्या-आणण्याच्या मार्गाची) तिसरी पिढीच आहे. दुसरीचं काहीच नुकसान नाही. चार लेनची तिसरी पिढी म्हणजे सेकंदाला साडेतीन जीबीच्या आसपास. ताईला तासाला ०.७ जीबी लिहायचंय. २१३३ ची रॅम हळू आहे, गेम खेळणाऱ्याला ते नक्की जाणवेल. आवाज कापायला-जोडायला नाही.

२३ नोव्हेंबर

ताईशी तासभर बोलले. मी तक्ता करून ठेवला होता, तो तिने पाहिलाही नाही. तिने एकच विचारलं.

"बिघडला तर मी कोणाला बोलवू?"

"मला."

"आणि तू नसलीस तर?"

मी गप्प झाले. तयार मशीनला एक फोन नंबर असतो. असेंबल केलेल्याला प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, आणि कोणता भाग गेलाय ते आधी आपणच शोधायचं. त्यासाठी हाताशी दुसरा एसएमपीएस, दुसरी रॅम लागते. हे ज्याला जमत नाही त्याला बिघडलेला कॉम्प्युटर म्हणजे नुसतं खोकं.

मग तिला चार वर्षांपूर्वीचे तीन आठवडे आठवून दिले. तेव्हाही फोन नंबर होता. नव्हता तो भाग. असेंबल केलेल्यात सगळं ठरलेल्या मापाचं असतं. एटीएक्सचं माप इंटेलने १९९५ मध्ये आणलं, आणि आज तीस वर्षांनीही त्या भोकांत बोर्ड बसतो. मायक्रो एटीएक्स म्हणजे जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटर, मग तो कुणीही बनवलेला असो. एसएमपीएस गेला तर कुठल्याही दुकानातला चालतो आणि कुठलाही दुरुस्तीवाला तो बदलू शकतो. त्याला मी लागत नाही.

ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "मग जोडताना मी शेजारी बसणार. स्क्रू मी लावणार. तू फक्त सांगायचं."

ठरलं, असेंबल करायचा. माझ्या तक्त्याने नाही ठरलं, तिच्या त्या वाक्याने ठरलं.

विंडोजचाही प्रश्न होता. जुन्या मशीनबरोबर आलेलं लायसन्स त्या मदरबोर्डपुरतंच, ते नव्यावर नेता येत नाही. सुटं रिटेल लायसन्स घ्यायचं, ते पुढच्या मशीनवर हलवता येतं. ऑडॅसिटी लिनक्सवरही चालतं, मी सुचवलं. ताईला रोजची बोटांची सवय मोडायची नाही. बरोबर आहे तिचं.

२६ नोव्हेंबर

काकांना कळलं, त्यांचा फोन आला. "माझ्यासाठीही एक जोडून दे." त्यांचं काम पत्रं, बिलं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं. मी म्हटलं, "काका, तुम्ही तयारच घ्या. छोटा चालेल. तुम्हाला तो उघडावा लागू नये हेच तुमच्यासाठी चांगलं." ते जरा खट्टू झाले. पण मी तेच पुन्हा सांगेन.

२९ नोव्हेंबर

भाग मागवले. बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर (बायोस) बदलायचं, बटण असलेलाच. ५६००जी. १ टीबीची, थेट बोर्डवर बसणारी एम.२ एसएसडी. ५५० वॅटचा, वीज कमी वाया घालवणारा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस, हलक्या कामात ज्याचा फॅन थांबून राहतो असा. ताईचं मशीन पूर्ण ताकदीने चाललं तरी शंभर वॅटच्या आसपासच ओढेल, म्हणजे तो फॅन बहुतेक फिरणारच नाही. प्रोसेसरबरोबर कूलर येतो, पण तो ठेंगणा आहे आणि ताणाखाली ओरडतो. त्याऐवजी १२० मिमी फॅनचा उंच टॉवर कूलर घेतला, १५५ मिमी उंचीचा. कॅबिनेटच्या पत्रकात कूलरची मर्यादा १६२ होती. हा एक आकडा न पाहता कूलर घेतला तर कॅबिनेटचं दार लागत नाही.

४ डिसेंबर

काल मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं की क्रुशियल नावाने सर्वसामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकणं ते बंद करणार, पुरवठा फेब्रुवारी २०२६ पर्यंतच. माझ्या पहिल्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये त्यांचीच रॅम होती. वाईट वाटलं. ताईच्या जुन्या दोन पट्ट्या अँटिस्टॅटिक पिशवीत नीट ठेवून दिल्या.

७ डिसेंबर, रविवार

जोडणी. सकाळी दहाला टेबल मोकळं केलं, खाली पुठ्ठा अंथरला. ताई चष्मा पुसून बसली. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, हे तिला आधी सांगितलं.

प्रोसेसर तिनेच बसवला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१, केसाएवढ्या बारीक. एका कोपऱ्यात इवलासा सोनेरी त्रिकोण असतो आणि सॉकेटच्या कोपऱ्यातही तसाच. दांडी उभी करायची, त्रिकोणावर त्रिकोण धरायचा आणि सोडून द्यायचं. दाबायचं नाही. ताईने कडा धरून तो ठेवला, किंचित हलवला, आणि तो आपल्या वजनानेच खाली बसला. सगळ्या पिना एकदम आत. "अगं, गेला!" म्हणाली. दांडी खाली आणली.

कूलरसाठी बोर्डवरचे प्लास्टिकचे कंस काढावे लागतात. त्यांचे चार स्क्रू सुटले की मागची धातूची पट्टी मोकळी होऊन खाली पडते. आमचीही पडली. एकीने मागून हाताने धरायची, दुसरीने वरून स्क्रू लावायचे. दोघी होतो ते बरं झालं. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. आणि पुढे कधी हा कूलर काढायची वेळ आली तर सरळ वर ओढू नकोस, हेही सांगून ठेवलं. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ दे, मग कूलर डावी-उजवीकडे पिळून सैल कर आणि मग उचल. एएम४ मध्ये वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून आणते आणि पिना वाकतात.

रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. दोन पट्ट्या असल्या की याच दोन जागा, म्हणजे दोन्ही चॅनेल चालतात. दोन्ही टोकांना 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबायचं. ताई पहिल्यांदा घाबरून अर्धवटच दाबत होती. बोर्ड वाकल्यासारखा वाटतो, तेवढा चालतो.

कॅबिनेटमधले पितळी खांब बोर्डच्या भोकांशी ताडून पाहिले. एक खांब जास्तीचा होता, तो काढला. तो राहिला असता तर बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट झाला असता. पुढच्या बटणाच्या बारीक वायरी लावताना मोबाइलचा दिवा धरून बसलो. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि याचं चित्र फक्त मदरबोर्डच्या पुस्तिकेतच असतं.

साडेतीनला बटण दाबलं. फॅन फिरले. स्क्रीन काळी.

७ डिसेंबर, रात्री

एक-एक करून पाहिलं. मॉनिटरची वायर बोर्डलाच आहे. ८ पिनांची प्रोसेसरची वायर बसलीय. रॅम एकच ठेवून पाहिली, मग दुसरी. बोर्डच्या कडेला चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, चित्र, डिस्क. प्रोसेसरचा दिवा जळत राहतोय.

ताईचा चेहरा उतरला. "मी चुकीचं दाबलं का काही?" नाही ताई. मग खोक्यावरचं लेबल वाचलं आणि उलगडा झाला. बोर्ड जुन्या साठ्यातला आहे, त्यावर २०२० चं बायोस आहे. ५६००जी बाजारात आला २०२१ मध्ये. हा बोर्ड या प्रोसेसरला ओळखतच नाही. तयार मशीनच्या बाबतीत हे कधीच घडलं नसतं, तेही इथे असू दे.

८ डिसेंबर

याचसाठी फ्लॅशबॅकचं बटण हवं होतं. प्रोसेसर न ओळखताही बोर्ड पेनड्राइव्हवरून स्वतःचं बायोस बदलू शकतो. फाइल उतरवली, पुस्तिकेत दिलेलं नाव तिला दिलं, पेनड्राइव्ह मागच्या ठरलेल्या खाचेत लावला, मशीन बंद ठेवून एसएमपीएसचा स्विच चालू केला आणि बटण तीन सेकंद दाबलं. दिवा दोन-चारदा लुकलुकला आणि स्थिर झाला. म्हणजे फाइल नाकारली.

पुन्हा नाव तपासलं. बरोबर. मग लक्षात आलं, पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. बोर्डला फॅट३२ च कळतं. फॉरमॅट करून परत लावला. या वेळी दिवा लुकलुकत राहिला, आधी सावकाश, मग भराभर. या वेळात वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, म्हणून कुणी काही हलवलं नाही, बोललंही नाही. सहा मिनिटांनी दिवा विझला.

बटण दाबलं. स्क्रीनवर बोर्डचं चिन्ह आलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

नवं बायोस तिच्या कामासाठी तसंही लागणारच होतं. रायझनमधल्या एफटीपीएममुळे (प्रोसेसरमध्येच असलेल्या टीपीएममुळे, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भागामुळे) मशीन क्षणभर अडखळतं आणि आवाजही तुटतो, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केलं आणि बायोसमधूनच दुरुस्ती दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतंच, म्हणजे ते बंदही ठेवता आलं नसतं. रेकॉर्डिंगच्या मधोमध आवाज तुटणं म्हणजे अख्खा परिच्छेद पुन्हा वाचणं.

१० डिसेंबर

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं. चार फेऱ्या, एकही चूक नाही. नऊ वर्षं वापरलेली रॅम. विंडोज, ऑडॅसिटी, संग्रहाची नक्कल. विशेष काही नाही.

१४ डिसेंबर

आज फॅनचे वेग लावले. फॅनचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठे फॅन सावकाश फिरवायचे. पुढचा हवा आत घेणारा आणि मागचा बाहेर टाकणारा, दोन्ही मिनिटाला ६०० फेऱ्यांवर बांधले. प्रोसेसरचा फॅन ६० अंशांपर्यंत हलतच नाही असा ठेवला. सगळ्या फाइली एकदम एक्स्पोर्ट करायला लावल्या, तापमान ६४ वर स्थिरावलं. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. भरपूर जागा.

जुनी हार्ड डिस्क आत लावून पाहिली. तिची गुणगुण कॅबिनेटच्या पत्र्यातून टेबलापर्यंत येत होती. बाहेर काढली, यूएसबी डब्यात घातली. आठवड्यातून एकदा संग्रहाची नक्कल घेण्यापुरतीच जोडायची.

कॅबिनेटही हललं. मायक्रोफोन कार्डिऑइड आहे, पाठीमागून येणारा आवाज तो कमी धरतो. त्याच्या पाठीच्या बाजूला, टेबलापासून दूर ठेवलं. या बदलाला एक स्क्रूही लागला नाही, आणि तो मी पहिल्याच दिवशी सुचवायला हवा होता.

मग तीच ३० सेकंदं, तोच गेन. उणे ६७. बंद मशीनचा आकडा उणे ६८ होता.

ताईने हेडफोन लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाली, "टिकटिक येतेय." भिंतीवरचं घड्याळ. इतकी वर्षं ते कॉम्प्युटरखाली दबलेलं होतं. तिने खुर्चीवर चढून त्यातला सेल काढला.

रात्री कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: कोणता भाग, कोणत्या तारखेला घेतला, वॉरंटी कधीपर्यंत, कोणती वायर कुठे जाते. ही नोंदवहीही तिच्या मशीनवर टाकली.

२१ डिसेंबर

(ही नोंद ताईची.)

सकाळपासून टर्र टर्र आवाज येत होता. तुला फोन करणार होते. मग म्हटलं आधी उघडून तर बघू. मशीन बंद केलं, वायर काढली, लोखंडाला हात लावला. पुढच्या फॅनजवळची बटणाची बारीक वायर सुटून पात्याला घासत होती. वायरीचं वरचं आवरण थोडं खरवडलंय, आतली तार उघडी पडलेली नाही, नीट पाहिलं. दोन ठिकाणी पट्टीने बांधली. पुन्हा चालू केलं, आवाज गेला. दुपारी सहावा धडा पूर्ण वाचला.